प्रसन्न सिनेमांचे शनिवार

सर्व संबंधितांस, म्हणजे आमचे गिरगाव, परळ व लालबाग येथील नातेवाईक, दादरच्या आमच्या सोसायटीचे सभासद, कोपऱ्यावरची फुलवाली आणि माझ्या आईला ओळखणारे जे जे कोणी असतील त्या सर्वांस, अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की गेल्या वर्षी एका दुपारी, भर जेवणात, माझ्या आईने माझ्या हातच्या आमटीला 'छान' म्हटले. कृपया सर्वांनी उभे राहून स्तब्धता पाळावी.

ज्यांना माझी आई ठाऊक नाही त्यांना यात शोक करण्यासारखं काय, हे कळायचं नाही. म्हणून आधी आमटीबद्दल सांगते. त्या दिवशी मी आमसूल घालायला विसरले होते आणि गूळ दोनदा घातला होता. वर खोबरं जुनं निघालं. ती आमटी नव्हतीच, डाळीचा खवट पाक होता. पहिल्या घासालाच मला मळमळलं. नवऱ्यानं वाटी हळूच ताटामागे सरकवली. आणि आईनं ती भुरका मारून संपवली, पदरानं तोंड टिपलं आणि म्हणाली, छान झाली आहे हो.

नावं ठेवणं हा आमच्या घरचा कुलाचार. लोक नवरात्र बसवतात, आम्ही खोट काढतो. पण त्याचेही सोवळ्याइतके कडक नियम होते आणि ते आईबाबांनी जन्मभर पाळले. पहिला नियम असा की ज्याच्या घरी जेवलो त्याच्या शेवटच्या पायरीवरून पाय खाली टेकेपर्यंत 'छान'खेरीज शब्द काढायचा नाही. परळच्या हॉलमधलं लग्न असो की लालबागच्या मावशीकडचा सत्यनारायण, जिन्यात आमचे तिघांचे चेहरे देवळातून बाहेर पडल्यासारखे शांत. शेवटची पायरी आली की बाबा घसा खाकरायचे आणि समोर बघत फक्त विचारायचे, "बासुंदी?" आई म्हणायची, "दूध आजारी होतं." मग दोघं रस्त्यानं हसत सुटायची. घरापर्यंत त्या बासुंदीची, मठ्ठ्याची, नवरदेवाच्या फेट्याची आणि भटजींच्या घाईची साग्रसंगीत उत्तरपूजा व्हायची.

दुसरा नियम पाहुणे आमच्याकडे आले तर. ते असेपर्यंत आई मधाळ. ते गेले, दार लागलं, कडी पडली की मुभा. गिरगावच्या चाळीतल्या आमच्या दाराची ती लोखंडी कडी पडायची आणि तिच्या आवाजावर स्वार होऊनच आईचं पहिलं दबकं वाक्य यायचं. मधे श्वास घेण्याइतकीही फट नसे.

तोंडावर कुणाला बोललेलं मला आठवत नाही. मागून मात्र कुणाला सोडल्याचंही आठवत नाही.

या सगळ्याचा कळस म्हणजे सिनेमा. माझे आईबाबा मुद्दाम वाईट सिनेमे बघायला जायचे. चांगला सिनेमा लागला की त्यांचं तोंड पडायचं. नाइलाजानं कधी बघितलाच तर परत येताना आई म्हणायची, चांगला होता. बाबा म्हणायचे, हो ना. संपलं. पुढं बोलायला काही उरायचंच नाही. वाटेत भाजी घेऊन, मयताहून आल्यासारखी दोघं घरी यायची आणि लवकर झोपायची. वाईट सिनेमा मात्र आठवडाभर पुरायचा. बाबा दाढीला बसले की फेसाळ तोंडानं नायिकेच्या बापाचा झटका करून दाखवायचे आणि आई हातातलं लाटणं टाकून भिंतीला टेकायची. बाबांच्या तोंडून 'टाकाऊ' सहज यायचं, 'रद्दी' अधूनमधून. 'भिकार' ही पदवी मिळवायला मात्र सिनेमाच्या गाठी फार मोठं पुण्य लागायचं. तसा एखादा निघाला की दोघं तो दुसऱ्यांदा बघायला जायची.

बाबा मागच्या वर्षी श्रावणात गेले. थोड्याच दिवसांत चाळ पुनर्विकासासाठी रिकामी करून पाडायला घेतली. मी एकुलती एक, त्यामुळे आई दादरला माझ्याकडे आली. एक ट्रंक, एक खलबत्ता आणि बाबांची खुंटीवरची छत्री, एवढंच घेऊन. आणि आल्या दिवसापासून तिला सगळं छान वाटू लागलं. पंख्याचा आवाज छान, गरम पाण्याचा नळ छान, माझी खवट आमटी छान. जेवण मात्र अर्ध्यावर आलं. दुपारी ती खिडकीशी बसायची आणि खाली काय चाललं आहे असं विचारलं तर म्हणायची, गाड्या जातात, छान आहे.

आमच्या डॉक्टरांना तिच्यात दुखणं सापडलं नाही. मन प्रसन्न राहील असं काहीतरी करा, म्हणाले. दुर्दैवानं हे माझ्या नवऱ्यानं ऐकलं.

माझा नवरा अत्यंत सज्जन आहे. हे मी तक्रार म्हणून सांगते आहे. सज्जन माणसाच्या हाती प्रसन्नतेचं काम दिलं की काय होतं, ते मी भोगलं आहे. त्यानं मोबाइलवर शोधलं, 'घरबसल्या बघण्यासारखे मनाला उभारी देणारे सिनेमे', आणि दर शनिवारी संध्याकाळी आमच्या दिवाणखान्यात प्रसन्नतेचा कार्यक्रम सुरू झाला.

सिनेमाआधी वातावरणनिर्मिती असायची. त्यानं एक पांघरूण आणलं. गोधडी नव्हे, रजई नव्हे, लांब लव असलेलं काहीतरी, आजारी मांजराच्या रंगाचं. हात फिरवला की ते बोटांना चिकटायचं आणि केस उभे करायचं. दादरच्या दमट हवेत तिघांच्या मांड्यांवर ते पसरून आम्ही घामाघूम बसायचो, कारण परदेशी लोक तसे बसतात. मग एक वासाची मेणबत्ती. डबीवर व्हॅनिला लिहिलं होतं. पेटवल्यावर बेकरीत उंदीर मरून पडल्यासारखा दरवळ सुटायचा. आणि पॉपकॉर्न, चीजच्या भुकटीत घोळवलेले. त्या भुकटीला दिवसभर बुटात राहिलेल्या मोज्याचा वास होता आणि ती पांघरुणाच्या केसांत जाऊन बसायची. रविवारी सकाळी ते झटकताना मला अक्षरशः शिसारी यायची.

सिनेमे तर विचारू नका. एका सिनेमात तीन पायांचा कुत्रा होता आणि तो ज्या घरी जाई तिथले लोक एकमेकांना मिठ्या मारत. एकात अख्खं गाव मिळून एका माणसाला पोहायला शिकवतं, तर त्यानं पहिला हात मारल्यावर सरपंच, पोस्टमन आणि म्हैस, तिघंही रडतात. म्हैस रडते हे मी स्वतः बघितलं आहे. एका हिंदी सिनेमात एक आजोबा शेवटच्या आजारात सुद्धा इतके हसरे की मला वाटलं, यांना औषध जास्त झालं आहे. सगळीकडे तेच ओलसर व्हायोलिन, तोच सूर्य, तीच पाठीवर थाप. माणसं वाईट नसतात, नुसती मिठीसाठी थांबलेली असतात, हे ऐकून ऐकून माझे दात आंबले. साखरेच्या पाकात माशी अडकते तशी मी सोफ्यावर अडकून पडायचे. नवरा चष्मा काढून डोळे पुसायचा.

आणि आई? तिला सोफ्याचा मधला, पंख्याखालचा भाग. पाठीला लोड, पायाशी चौरंग. पांघरुणाचा मोठा हिस्सा तिच्याकडे. सिनेमा संपला की नवरा आशेनं विचारायचा आणि ती दोन्ही हात मांडीवर ठेवून म्हणायची, "छान होता, जावईबापू. तुम्ही निवड छान करता." मग अर्धी पोळी खाऊन झोपायला जायची.

म्हैस रडली त्या शनिवारी मला राहवलं नाही. मी मुद्दाम चिथावलं. आई, ती म्हैस, म्हटलं. आईनं क्षणभर माझ्याकडे बघितलं. ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. मग म्हणाली, गुणी आहे.

त्या रात्री मी ठरवलं की मला आईच्या तोंडून एक, फक्त एक नाव ठेवलेलं ऐकायचं आहे. माझ्या आमटीला, माझ्या साडीला, माझ्या नवऱ्याला, कशालाही. ते आलं तर आई परत आली. नाही आलं तर सोफ्यावरची ही बाई हळूहळू छान छान म्हणत विझून जाईल, आणि आम्ही तिच्या उशाशी उंदराच्या वासाची मेणबत्ती लावून बसलेलो असू.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तिला शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर घेऊन गेले. लिफ्टनं खाली उतरलो, रस्ता ओलांडला, घर चांगलं लांब राहिलं. कट्ट्यावर बसल्यावर मी बाबांसारखा घसा खाकरला आणि समोर बघत विचारलं, "आमटी?"

आई हसली. खूप दिवसांनी. पण बोलली नाही. समोर पोरं क्रिकेट खेळत होती, त्यातला एक दर चेंडूला बाद होऊनही बॅट सोडत नव्हता. त्याच्यावर सुद्धा तिनं काही म्हटलं नाही.

"बोल ना," मी म्हटलं, "पायऱ्या उतरलो आपण."

"लिफ्टनं आलो," ती म्हणाली. "आणि परत वर जायचंच आहे. पायऱ्या उतरून माणूस आपल्या घरी जातो, मग बोलतो. मी जाऊ कुठे?"

तिनं पदर सारखा केला आणि मला समजावून सांगावं तसं सांगितलं, "लेकीच्या घरी आई पाहुणीच असते गं. तुझ्या आजीनं तर माझ्याकडे पाणीसुद्धा घेतलं नाही, नातवंड होईपर्यंत. मी जेवते, झोपते, जावई पायाशी चौरंग ठेवतात. त्यावर नावं ठेवू? शोभतं का?"

म्हणजे माझी आई उदास होती ते होतीच, पण ती नियमही पाळत होती. इतके महिने ती आमच्या जिन्यात उभी होती. तोंड मिटून, शांत चेहऱ्यानं, शेवटची पायरी येण्याची वाट बघत. आणि आम्ही काय केलं? दर शनिवारी तिला अधिकाधिक मऊ जागी बसवून अधिकाधिक पाहुणी केलं. त्या लोडाची, त्या चौरंगाची आणि त्या मांजरी पांघरुणाची मला इतकी किळस आली की घरी जाताच मी ते गोळा करून पलंगाखाली कोंबलं.

तू इथली पाहुणी नाहीस असं सांगून काही होणार नव्हतं. तसं तर नवरा रोज सांगायचा, आणि ती म्हणायची, छान बोलता हो. बोलून जो पाहुणा घरचा होतो तो मुळात पाहुणा नसतोच. मग कांदा चिरताना मला नियमाचा दुसरा भाग आठवला, कडीचा. आई घरची व्हायची तर दुसरं कुणीतरी पाहुणं हवं. आणि तेही असं की ज्याच्या पाठीमागे गप्प बसणं कुणाही जिवंत माणसाला शक्य होणार नाही.

तसं माणूस आमच्या इमारतीत नवव्या मजल्यावर राहतं. या बाईंना सगळं सकारात्मक लागतं. लिफ्टमध्ये भेटल्या की त्या आपला दंड दाबून विचारतात, आज कशाबद्दल कृतज्ञ आहात? लिफ्ट बंद पडली तेव्हा त्या म्हणाल्या होत्या की विश्व आपल्याला थांबायला सांगतं आहे. विश्वानं आम्हाला भाजीच्या पिशव्यांसकट पाऊण तास थांबवलं होतं. मी वर जाऊन त्यांना शनिवारचं आमंत्रण दिलं आणि सिनेमा तुमच्याच आवडीचा आणा म्हटलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला तिथेच यशाची खात्री वाटू लागली.

शनिवारी त्या आल्या त्या डबा घेऊन. डब्यात लाडू होते, खजुराचे, जवसाचे, बिनतुपाचे, बिनसाखरेचे. रंग शेणीचा आणि चिकटपणा सायकलच्या पंक्चरच्या सोल्यूशनचा. मी एक तोंडात घातला आणि तो गिळेपर्यंत माझं अर्धं आयुष्य डोळ्यांसमोरून गेलं. बाईंना मी थेट सोफ्याच्या मधल्या जागी बसवलं, पंख्याखाली. पलंगाखालचं पांघरूण काढून त्यांच्या मांडीवर घातलं. आईची जागा गेली. ती दोन मिनिटं उभी राहिली आणि मग स्वयंपाकघराच्या दाराशी असलेल्या लाकडी खुर्चीवर जाऊन बसली. गिरगावात पाहुणे आले की ती अशीच दाराशी बसायची, आत-बाहेर करायला सोयीचं.

मी मुद्दाम जागची हलले नाही. पाच मिनिटांनी आई माझ्या कानाशी येऊन कुजबुजली, "त्यांना काही देणार आहेस की नाही?" मी म्हटलं, बघू गं, सिनेमा सुरू होतो आहे. तिनं कपाळाला आठी घातली. इतक्या महिन्यांतली पहिली आठी. मग आत गेली आणि भांड्यांचा आवाज आला. माझ्या डब्यांतून जायफळ शोधून तिनं कॉफी केली, वेलची घालून, दाट, आणि ट्रे स्वतः घेऊन बाहेर आली.

नवव्या मजल्यानं कपाकडे बघितलं, हात जोडले आणि सांगितलं की त्यांनी कॉफी सोडली आहे, दूध सोडलं आहे, साखर तर केव्हाच सोडली आहे, आणि काकू, तुम्हीही सोडून बघा, आतून इतकं स्वच्छ वाटतं.

"छान," आई म्हणाली.

हा 'छान' मी ओळखला. हा पाहुणीचा नव्हता. शेवटच्या अक्षरावर एक बारीक टाचणी होती.

मग सिनेमा. बर्फाचा देश. एक म्हातारा घड्याळजी, त्याची बायको नुकतीच वारलेली. तो दुकान बंद करून बसतो. मग गावातले लोक काय करतात, तर आपापली चालती घड्याळं दगडानं फोडतात आणि त्याला दुरुस्तीला आणून देतात, म्हणजे त्याला जगायला कारण मिळावं. अख्खं गाव रात्रभर घड्याळं फोडतं. पाद्री फोडतो, शाळामास्तर फोडतो, चर्चच्या मनोऱ्यावरचं मोठं घड्याळ चार माणसं मिळून फोडतात. पुढच्या तासाभरात म्हातारा ती सगळी दुरुस्त करतो. शेवटी सगळी एकदम वाजतात, बर्फातून ऊन येतं, व्हायोलिनवाले जिवावर उदार होतात आणि ढगात बायकोचा चेहरा उमटतो. ती हसते. आणि डोळा मिचकावते.

हे सगळं बघताना माझ्या घशाशी लाडू आला. पण त्याहून मोठी भीती वाटली ती वेगळीच. बाबांना जाऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. माझ्या चावटपणापायी मी आईला नेमका मेलेल्या जोडीदाराचा सिनेमा दाखवला होता. मी दाराकडे बघितलं. तिनं पदराचा बोळा तोंडाशी धरला होता, मान खाली होती आणि खांदे गदगदत होते. नवऱ्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी जमिनीत जावं. नववा मजला सोफ्यावरून उठून तिच्यापाशी गेला, गुडघे टेकून बसला आणि तिचे हात हातात घेऊन म्हणाला, रडा काकू, मोकळ्या व्हा, ते तिथून बघताहेत.

आईनं मान वर केली नाही. नुसती हलवली.

बाई निघाल्या. उरलेले लाडू आमच्यासाठी ठेवले, डबा सावकाश द्या म्हणाल्या. मी दारापर्यंत गेले, पण आई माझ्या पुढे झाली. तिनं त्यांना दारातून निरोप दिला, या हं पुन्हा, म्हणाली, खूप छान वाटलं, म्हणाली. बाई लिफ्टकडे वळल्या. आईनं दार लावलं. माझ्या दाराला लॅच आहे, तेवढ्यानं भागतं, वरची कडी आम्ही कधी घालत नाही. ती गंजून बसली होती. आई टाचा उंचावून उभी राहिली, हाताच्या तळव्यानं ठोकून ठोकून तिनं ती सैल केली आणि खाडकन घातली.

मग ती दाराला पाठ टेकून उभी राहिली. तिचे डोळे ओले होते आणि चेहरा लालबुंद. नवरा पाण्याचा पेला घेऊन धावला. बाहेर लिफ्ट अजून आलेली नव्हती, तिच्या बटणाचा आवाज आम्हाला आत ऐकू येत होता, म्हणजे आतलं बाहेर नक्की जात होतं. मी बोट ओठांवर ठेवलं. आईनं ते बघितलं आणि जन्मात पहिल्यांदा, पाहुणे ऐकतील याची पर्वा न करता, खणखणीत आवाजात म्हणाली,

"कसला भिकार सिनेमा होता गं. ह्यांना फार आवडला असता."